एसएसएचवरचे काम: जोडणी धरून की सुटे करून?

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावातून वर्कफ्लो सॉफ्टवेअरद्वारे (कामाचे टप्पे आपोआप चालवणारे) एसएसएच वापरून, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षित जोडणीने आज्ञा चालवून, नागपूरच्या सर्व्हरवर कपाशीच्या पेऱ्याची उपग्रहचित्रे तपासली जातात. काम अर्ध्यावर थांबले की आधी ते कोणत्या पद्धतीने चालवले आहे, हे पाहावे.

पहिल्या पद्धतीत काम संपेपर्यंत जोडणी उघडी राहते. निदानासाठी ही सोयीची, कारण एक्झिट कोड (आज्ञा संपताना मिळणारा निकालाचा आकडा) थेट हाती येतो: 255 आला तर दोष बहुधा जोडणीचा, दुसरा आकडा आला तर आज्ञेचा. मात्र भारनियमनात राउटर बंद पडला की सॉफ्टवेअर ताटकळत बसते, कारण ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ची (जोडणी जिवंत आहे का हे किती सेकंदांनी तपासावे, ही सेटिंग) मूळ किंमत 0, म्हणजे तपासणी बंद, असते; ती 60 केल्यास तुटलेली जोडणी सुमारे 3 मिनिटांत लक्षात येते. तोवर सर्व्हरवरचे काम चालूच असू शकते आणि घाईने ते पुन्हा सुरू केले, तर दोन प्रती एकाच फाइलवर लिहू लागतात. हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो.

दुसऱ्या पद्धतीत ‘नोहप’ने (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारी आज्ञा) काम सुटे करून निकाल व एक्झिट कोड फाइलमध्ये ठेवतात आणि सॉफ्टवेअर अधूनमधून विचारणा करते. येथे इनपुट, आउटपुट व एरर हे तिन्ही प्रवाह जोडणीवरून दुसरीकडे वळवावेच लागतात, अन्यथा एसएसएच परतत नाही. रात्रभराच्या कामासाठी मी निःसंशय हीच पद्धत सुचवेन.

कोड 127, म्हणजे ‘आज्ञा सापडली नाही’, मात्र दोन्हींकडे सारखाच छळतो. एसएसएचने दिलेली आज्ञा लॉगिन शेलमध्ये (लॉगिन करताना सर्व सेटिंग वाचणारा आज्ञा-दुभाष्या) चालत नसल्याने पाथ (आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी) अपुरा राहतो, म्हणून आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहावा.