शोधगंगा : पीएच.डी. प्रबंधांच्या राष्ट्रीय भांडाराचे परीक्षण

पीएच.डी.चा प्रबंध हा विद्यापीठीय संशोधनाचा सर्वांत सविस्तर दस्तऐवज असतो, आणि तरीही आपल्याकडे कित्येक दशके तो सर्वांत कमी वाचला गेलेला दस्तऐवज होता. एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक विभागात, एक मार्गदर्शकांकडे आणि एक स्वतः संशोधकाच्या घरी, असा त्याचा प्रवास संपत असे. परगावच्या विद्यार्थ्याला तो पाहायचा असेल तर प्राचार्यांचे पत्र घ्यावे लागे, तिथे जाऊन राहावे लागे आणि बसल्या जागी टिपणे काढावी लागत. शोधगंगा या ऑनलाइन भांडाराने ही अडचण मुळापासून दूर केली आहे. गडचिरोलीतील विद्यार्थ्याला आज मदुराईच्या विद्यापीठातील प्रबंध शुल्क, सभासदत्व किंवा शिफारस यांपैकी काहीही न लागता वाचता येतो. महाविद्यालयीन ग्रंथालयात संशोधक विद्यार्थ्यांना संदर्भ शोधून देण्याच्या कामामुळे अभियांत्रिकी, रसायनशास्त्र, वास्तुकला आणि कला या चारही शाखांसाठी ही सेवा मी सतत वापरतो. माझे मत आधीच नोंदवतो : भारतात संशोधन करणाऱ्याला विनामूल्य मिळणाऱ्या साधनांमध्ये शोधगंगेच्या तोडीचे दुसरे साधन मला माहीत नाही, मात्र तिचा लाभ सर्व शाखांना सारखा मिळत नाही, आणि सर्वांत कमी लाभ मराठीतून लिहिणाऱ्यांना व आराखड्यांतून बोलणाऱ्या वास्तुकलेला मिळतो.

ही सेवा गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. विद्यापीठांची ग्रंथालये एकमेकांना जोडण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये हा प्रकल्प पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या छत्राखाली सुरू केला आणि १९९६ मध्ये त्याचे स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र झाले. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करण्याचे बंधन आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने आणले. पदवी जाहीर करण्यापूर्वीच ती प्रत इन्फ्लिबनेटकडे गेली पाहिजे, असे २०१६ च्या नियमावलीने स्पष्ट केले. संग्रह आज पाच लाखांहून अधिक प्रबंधांपर्यंत पोहोचला आहे, त्याचे मोठे कारण हे बंधन आहे. ब्रिटिश लायब्ररीची प्रबंधसेवा २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर बंद पडली तेव्हा तिकडच्या संशोधकांची किती अडचण झाली हे ज्यांनी पाहिले, त्यांना सार्वजनिक खर्चाने चाललेल्या अशा भांडाराचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रबंधाची नोंद उघडल्यावर शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विषयशब्द, विद्यापीठ, विभाग, पूर्ण झाल्याची तारीख आणि सारांश एका पानावर दिसतात. त्याखाली प्रबंध तुकड्यातुकड्यांनी मांडलेला असतो : ०१ क्रमांकाची शीर्षकपानाची फाइल, मग प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, १० च्या आसपास पहिले प्रकरण, आणि बऱ्याचदा शेवटी ८० क्रमांकाची शिफारशींची फाइल. एकेक फाइल स्वतंत्रपणे उतरवून घ्यावी लागते, हे पहिल्यांदा त्रासाचे वाटते. परंतु ज्याला केवळ प्रयोगपद्धतीचे प्रकरण हवे आहे आणि ज्याच्याकडे मोबाइलचा मोजका डेटा आहे, त्याच्यासाठी ही रचना सोयीची ठरते. विद्यार्थ्यांना मी नेहमी ही ८० क्रमांकाची फाइल आधी उघडायला सांगतो, कारण निष्कर्ष आणि पुढील संशोधनाच्या दिशा तिथे एकत्र असतात आणि संपूर्ण प्रबंध वाचण्याजोगा आहे की नाही याचा अंदाज पाच-सात पानांत येतो.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोधगंगेचा सर्वाधिक उपयोग होतो, असे मला वाटते. नियतकालिकातील शोधनिबंधात यशस्वी अभिक्रिया असते; प्रबंधात त्या यशापर्यंत पोहोचण्याची वाट असते. कोणत्या द्रावकात उत्पादन नगण्य आले, तापमान वाढवल्यावर कोणते उपउत्पादन तयार झाले, मिश्रणातून संयुग वेगळे करण्याच्या स्तंभ-क्रोमॅटोग्राफीसाठी द्रावकांचे कोणते प्रमाण शेवटी लागू पडले, हा तपशील निबंधातून गळतो किंवा पुरवणीत अतिसंक्षिप्त होऊन जातो. प्रबंधात मात्र प्रत्येक संयुगाचा वितळणबिंदू, रेणूची रचना ओळखण्याच्या एनएमआर चाचणीची मूल्ये आणि बऱ्याचदा वर्णपटाचे पूर्ण चित्रच छापलेले असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलेल्या अनेक संशोधकांनी पुणे विद्यापीठाची पीएच.डी. घेतली आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालेली आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालेली माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी ही संस्था तर रंग, औषधे आणि तेले यांच्या रसायनशास्त्रासाठी ओळखली जाते. या परंपरेतील प्रबंध वाचताना प्रयोगशाळेची शिस्त कशी असते हे विद्यार्थ्याला कळते, आणि ते पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

अभियांत्रिकीच्या बाबतीतही कारण हेच आहे, म्हणून एकच उदाहरण पुरेसे ठरेल. सिमेंटच्या काही भागाऐवजी कोळशाच्या राखेचा किंवा उसाच्या चिपाडाच्या राखेचा वापर करून काँक्रीट बनवण्यावर स्थापत्य विभागांत पुष्कळ काम झाले आहे. निबंधात आपल्याला २८ दिवसांच्या दाबबलाचा एक आकडा मिळतो, आणि तो सहसा १५० मिलिमीटरच्या तीन घनांची सरासरी असतो. भारतीय मानक ४५६ नुसार एका नमुन्यातील प्रत्येक घनाचे बल सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा अधिक दूर असता कामा नये. परिशिष्टात तिन्ही घनांची स्वतंत्र वाचने दिली असतील, तर ही अट पाळली गेली की नाही हे वाचकाला स्वतः पडताळता येते. संशोधनाची पारखच करायची झाली तर या परिशिष्टांइतकी उपयुक्त पाने प्रबंधात दुसरी नसतात.

वास्तुकलेकडे वळल्यावर चित्र पालटते, आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. वास्तुकलेच्या संशोधनात मजकुराइतकेच आराखडे, छेद आणि दर्शनी उंचीची रेखाटने महत्त्वाची असतात. एखाद्या जुन्या वाड्याचे प्रत्यक्ष मोजमाप घेऊन केलेले आरेखन हा त्या वाड्याचा कदाचित एकमेव टिकाऊ पुरावा ठरतो, कारण पुनर्विकासात वाडा पाडला गेला की मोजायला काही उरत नाही. असे आरेखन बहुधा ए-१ आकाराच्या कागदावर, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटरवर, १:१०० या प्रमाणात केलेले असते. प्रबंधाच्या बांधणीसाठी आणि स्कॅनिंगसाठी तेच ए-४ वर आणले, की लांबी सुमारे २.८ पटीने घटते. कागदावर '१:१००' असे लिहिलेले राहते, परंतु प्रत्यक्ष प्रमाण १:२८३ च्या जवळ गेलेले असते. ज्याने कोपऱ्यात मोजपट्टी काढून ठेवली आहे त्याचे आरेखन या संकोचातूनही वाचते. ज्याने केवळ आकडा लिहिला त्याच्या आराखड्यावरून सोप्याची (ओसरीची) रुंदी मोजणारा वाचक तिपटीच्या आसपास चुकतो.

रेषांचे तर याहून अधिक नुकसान होते. ०.१८ मिलिमीटर जाडीची बारीक रेषा ए-४ वर ०.०६ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि २०० डीपीआयने, म्हणजे इंचाला २०० ठिपक्यांनी, स्कॅन केल्यास एक ठिपकाच सुमारे ०.१३ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे तुळयांवरील कोरीव काम, फरशीचे सांधे, दगडी बांधकामाचे थर दाखवणाऱ्या रेषा एकतर नाहीशा होतात किंवा एकमेकींत मिसळून काळा डाग बनतात. रंगांनी भूवापर दाखवणारे नकाशे कृष्णधवल स्कॅन केले की निवासी आणि व्यापारी क्षेत्र एकाच करड्या छटेत बुडते. स्कॅनिंग कसे करावे हा निर्णय प्रबंध चढवणाऱ्या विद्यापीठाच्या हाती असतो, त्यामुळे हा दोष गांधीनगरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही आराखड्यांसाठी मूळ आकारातील वेगळी फाइल बंधनकारक करणे केंद्राच्या आवाक्यातले आहे आणि ते व्हायला हवे, कारण वाडा एकदा गेल्यावर चांगले स्कॅनिंग करूनही त्याची मापे परत मिळणार नाहीत.

कला शाखेत, विशेषतः मराठीतून लिहिलेल्या प्रबंधांत, अडचण शोधाची आहे. आपल्याकडे अनेक वर्षे प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोड ही सामाईक अक्षरसंकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलिखित झाले. अशा पीडीएफमध्ये डोळ्यांना शुद्ध देवनागरी दिसते, पण ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका उमटतो, आणि शोधयंत्रही तोच पुंजका वाचते. ज्या प्रबंधांचे नुसते छायाचित्रासारखे स्कॅनिंग झाले आहे, त्यांत तर यंत्राला वाचण्याजोगे अक्षरच नसते. परिणामी ओवी, गोंधळ किंवा दशावतार यांवर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिलेली असूनही शीर्षकात तो शब्द नसेल तर ते काम शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. त्यातच शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये आणि रोमनमध्येही प्रत्येकाच्या मर्जीने लिहिलेले असते. माझा अनुभव असा की, मराठीतील विषय शोधताना विषयशब्दावर विसंबू नये. विद्यापीठ आणि विभाग निवडून यादी चाळावी, किंवा त्या विषयावर काम करून घेणाऱ्या मार्गदर्शकांच्या नावाने शोधावे. वेळ जातो, पण त्या यादीत जे गवसते ते अन्यत्र नसते.

लोकसाहित्याच्या प्रबंधांची परिशिष्टे याची साक्ष देतात. गावोगावी फिरून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, विधिगीते, कलावंतांच्या मुलाखती यांचा मोठा भाग पुस्तकरूपाने कधीच प्रसिद्ध होत नाही, कारण प्रकाशक परिशिष्टे छापत नाहीत. ती केवळ प्रबंधातच राहतात. मात्र इथेच एक गंभीर प्रश्नही उभा राहतो. कागदी प्रबंधाच्या काळात माहिती देणाऱ्या व्यक्तीचे नाव, वय, जात, गाव परिशिष्टात देण्याची रीत होती, आणि तो प्रबंध चार भिंतींत राहत असल्याने त्यात कुणाला वावगे वाटले नाही. आता तेच पान जगभर उघडे आहे. आपली कौटुंबिक दुःखे ओवीतून सांगणाऱ्या बाईने संशोधकाला होकार दिला होता, सर्व जगाला नव्हे. जुनी परिशिष्टे चढवण्यापूर्वी अशा नोंदी झाकण्याची पद्धत विद्यापीठांनी पाडली पाहिजे. संगीताच्या प्रबंधांचा प्रश्न वेगळा आहे : बंदिशीचे स्वरलेखन पीडीएफमध्ये येते, पण प्रबंधासोबत दिलेले ध्वनिमुद्रण त्या चौकटीत बसत नाही, आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) किंवा लयीचे वळण समजण्यासाठी वाचकाला तेच हवे असते.

दर्जाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. शोधगंगेवर प्रबंध आहे याचा अर्थ त्याला पदवी मिळाली आहे, एवढाच. तो उत्तम आहे असा नव्हे. एकाच विषयावरचे, एकाच साच्यातले, प्रश्नावली भरून घेऊन टक्केवारीच्या तक्त्यांवर संपणारे प्रबंध इथे भरपूर आहेत. परंतु ते झाकून न राहता उघडे पडले, हाच माझ्या मते या सेवेचा मोठा लाभ आहे. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, तर ६० टक्क्यांपुढे गेल्यास संशोधकाची नोंदणीच रद्द होते. ही जुळणी करायला आधीचे प्रबंध समोर असणे आवश्यक होते आणि ते शोधगंगेने पुरवले. अर्थात इंग्रजी पुस्तकातील प्रकरण मराठीत उतरवून आपल्या नावावर खपवले, तर शब्दांची जुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला ते सहसा सापडत नाही. तिथे वाचलेला परीक्षकच लागतो.

नव्या संशोधकाने विषय नक्की करण्यापूर्वी शोधगंगोत्री ही याच केंद्राची जोडसेवाही पाहावी. तिथे नोंदणी झालेल्या विषयांचे संशोधन-आराखडे (सिनॉप्सिस) असतात, त्यामुळे आपल्या विषयावर दुसरीकडे कुणी काम करत आहे का याचा माग लागतो. संदर्भ देताना ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलू नये. नोंदीच्या पानावर १०६०३ या अंकांनी सुरू होणारा कायमस्वरूपी क्रमांक असलेला दुवा असतो, तोच द्यावा. पृष्ठक्रमांकही पीडीएफच्या मोजणीतला न देता प्रबंधाच्या छापील पानावरचा द्यावा, कारण प्रत्येक प्रकरणाच्या फाइलची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बिगरव्यावसायिक परवान्याखाली आहे, म्हणून अध्यापनासाठी श्रेय देऊन ते मोकळेपणाने वापरता येते. गाइडे आणि प्रश्नसंच छापून विकणाऱ्यांना मात्र ती मुभा नाही.