अमळनेरहून दोन लिंकांवर बीजीपी: मायक्रोटिक सीसीआर२११६ अडीच वर्षं वापरल्यावर

अप्पांनी अमळनेरात केबलचं ऑफिस काढलं तेव्हा गच्चीवर डिश होत्या. आता त्याच इमारतीत जिन्याखालच्या खोलीत एक रॅक आहे आणि गावातली व आसपासच्या खेड्यांतली साधारण १,८०० इंटरनेट कनेक्शनं त्या रॅकमधून जातात. त्यातला मुख्य राउटर मायक्रोटिकचा सीसीआर२११६. मी तो बीजीपीसाठी घेतला, म्हणजे कुठले पत्ते कुणाकडे आहेत हे नेटवर्कं एकमेकांना सांगतात त्या पद्धतीसाठी, म्हणून त्याच कामाबद्दल लिहिते. नुसतं बँडविड्थ वाटायचं असेल, हॉटस्पॉट चालवायचा असेल, तर याच्यावर पैसे घालू नका. त्याला पुष्कळ स्वस्तातले राउटर पुरतात.

आधी तो का लागला ते सांगते. २०२२ पर्यंत आमच्याकडे एकच लिंक होती, धुळ्याकडून येणारी. आयपी पत्तेही त्याच अपस्ट्रीमचे, म्हणजे आम्हाला वरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे. बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरलेली, गाव माणसांनी फुललेलं, आणि पारोळ्याच्या बाजूला रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली. दुपारभर सगळं बंद. फोनवर एकच प्रश्न, "ताई, नेट कव्हय येई?" दुसरी लिंक घेतली असती तरी स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) घेतलेली दुकानं, पतसंस्था, कॅमेरे पहिल्याच्याच पत्त्यांना बांधलेले. अप्पा खुर्चीत बसून सारखं म्हणत होते, "आते कसं व्हई?"

त्याच पावसाळ्यात आम्ही इरिनकडे अर्ज केला. देशातले आयपी पत्ते आणि एएस क्रमांक (बीजीपीत नेटवर्कची ओळख असलेला क्रमांक) देणारी ही नोंदणी संस्था निक्सीच्या, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या अखत्यारीत चालते. स्वतःचा एएस क्रमांक मिळाला आणि एक /२३, म्हणजे ५१२ पत्ते (तिरप्या रेघेपुढचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्त्यांचा तुकडा लहान). मग जळगावकडून दुसरी लिंक घेतली. आता दोन्ही अपस्ट्रीमशी आमच्या स्वतःच्या क्रमांकानं बोलणारा राउटर हवा होता.

सीसीआर२११६ मध्ये १६ कोरचा एआरएम प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि फायबर लावायचे १० जीबीपीएसचे चार एसएफपी प्लस पोर्ट आहेत. कंपनीची जाहीर किंमत ९९५ डॉलर होती, आमच्या हातात पडेपर्यंत लाखाच्या पुढे गेला. वीज-जोडण्या दोन आहेत. एक मी यूपीएसवर ठेवली, दुसरी वेगळ्या इन्व्हर्टरवर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, खोलीला एसी आहे तरी पंख्याचा आवाज दुपारी वाढतो. बंद मात्र एकदाही पडला नाही. हार्डवेअरबद्दल एवढंच, कारण खरी गोष्ट त्यावर चालणाऱ्या राउटरओएसच्या सातव्या आवृत्तीची आहे. सहाव्या आवृत्तीत बीजीपी एकाच कोरवर चालायचं, बाकीचे कितीही कोर असले तरी मोकळे बसायचे. सातव्यात काम कोरांमध्ये वाटलं जातं. जगभरची पूर्ण टेबल, म्हणजे नऊ लाखांच्या वर आयपीव्ही४ राउट (कुठले पत्ते कुठल्या वाटेनं, याच्या नोंदी), दोन्हीकडून घेतली तरी समोरचा चहा निवायच्या आत भरून होते.

पहिली रात्र अजून आठवते. मी घरून विनबॉक्सवर, म्हणजे मायक्रोटिक राउटर लांबून हाताळायच्या सॉफ्टवेअरवर बसले होते, ऑफिसात राउटरजवळ आमचा लाइनमन. सेशन, म्हणजे अपस्ट्रीमशी बीजीपीचं बोलणं, उभं राहिलं, समोर ई हे अक्षर आलं, म्हणजे एस्टॅब्लिश्ड. मला वाटलं झालं. अपस्ट्रीमचा इंजिनियर फोनवर म्हणाला, "ताई, सेशन आहे, पण तुमच्याकडून एकही प्रिफिक्स येत नाहीये." प्रिफिक्स म्हणजे /२३ सारखा पत्त्यांचा गट. मी पुन्हा पुन्हा बघितलं. आउटपुट नेटवर्कच्या, म्हणजे बाहेर सांगायच्या पत्त्यांच्या यादीत आमचा /२३ बरोबर टाकलेला होता.

कारण असं होतं: यादीत नाव असून भागत नाही. अगदी तेवढाच राउट, जसाच्या तसा, राउटरच्या स्वतःच्या टेबलमध्ये हजर असावा लागतो. माझ्या टेबलमध्ये त्या ५१२ पत्त्यांचे लहान तुकडे होते, कुठे /२९, कुठे /२६. अख्खा /२३ कुठेच नव्हता. उपाय एका ओळीचा, त्या /२३ साठी ब्लॅकहोल राउट (आलेलं टाकून देणारा राउट) घालायचा. ती ओळ टाकली आणि पलीकडून लगेच आवाज आला, "आला, एक प्रिफिक्स आला."

ब्लॅकहोल या शब्दाला बरेच जण घाबरतात, आपलीच ट्रॅफिक गिळली जाईल म्हणून. तसं होत नाही. राउटर नेहमी जास्त नेमका राउट धरतो, त्यामुळे वापरातले /२९ आणि /२६ आपापल्या जागी जातात आणि न वाटलेल्या पत्त्यांवर येणारं तेवढं टाकून दिलं जातं. ही ओळ नसेल तर त्या रिकाम्या पत्त्यांची पॅकेटं डिफॉल्ट राउटनं (दुसरी वाट माहीत नसेल तेव्हाची वाट) पुन्हा अपस्ट्रीमकडे जातात, तो परत आपल्याकडे पाठवतो आणि आयुष्य संपेपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालतात.

त्या रात्री सेफ मोडनं मला वाचवलं. सेफ मोड चालू असताना बदल करता करता तुमचं कनेक्शनच तुटलं, तर राउटर ते सगळे बदल आपणहून मागे घेतो. मी एक फिल्टर (कुठले राउट घ्यायचे आणि सांगायचे याचा नियम) चुकीच्या जागी लावला, घरचं कनेक्शन गेलं, आणि थोड्या वेळात सगळं होतं तसं परत आलं. रात्री दीड वाजता कुणाला शटर उघडायला लावावं लागलं नाही. लांबून काम करणाऱ्यांसाठी या एका सोयीचे मी पूर्ण गुण देईन.

फिल्टर हा या राउटरचा सगळ्यात कडक भाग आहे आणि माझ्या मते सगळ्यात चांगलाही. चेन, म्हणजे फिल्टरच्या नियमांची साखळी, लावली की तिचा मूळ स्वभाव नकाराचा असतो. जे तुम्ही अ‍ॅक्सेप्ट म्हणून लिहिलं तेच जातं, बाकी पडतं. पण चेन लावलीच नाही तर बीजीपीनं शिकलेलं सगळं शेजाऱ्याला सांगून मोकळा. दोन अपस्ट्रीम असताना याचा अर्थ काय होतो ते नीट समजून घ्या. धुळ्याकडून शिकलेली सगळी टेबल तुम्ही जळगावकडच्याला सांगणार, आणि त्यानं ती मानली तर मोठमोठ्या कंपन्यांची ट्रॅफिक अमळनेरच्या जिन्याखालून जायला निघणार. बीजीपीचा आराखडा १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवताना कागदी रुमालांवर मांडला होता, आणि शेजारी सांगेल ते खरं मानायचं हा त्याचा पाया आजही तसाच आहे. २००८ च्या फेब्रुवारीत पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त आपल्या देशात बंद करायचं होतं. त्यासाठी केलेला यूट्यूबच्या पत्त्यांचा एक /२४ बाहेर सांगितला गेला, वरच्या नेटवर्कनं तो पुढे जाऊ दिला आणि जगात बऱ्याच ठिकाणी यूट्यूब दोनेक तास मिळेना. यूट्यूबचा स्वतःचा /२२ होता, पण नेमक्या राउटपुढे त्याचं काही चाललं नाही. म्हणून माझा नियम आहे: आधी फिल्टर लिहायचा, सेशन नंतर चालू करायचं. येणाऱ्या बाजूला मी आमचे स्वतःचे पत्ते, खासगी पत्ते आणि /२४ पेक्षा लहान तुकडे नाकारते. रूटिनेटर हे सॉफ्टवेअर एका जुन्या पीसीवर चालवून आरपीकेआयची, म्हणजे पत्ते सांगणाऱ्याला ते सांगायचा अधिकार आहे का याची तपासणीही जोडली आहे. राउटरओएसला ती थेट जोडता येते आणि इनव्हॅलिड आलेले राउट एका ओळीत पाडता येतात.

या आरपीकेआयनंच मला सर्वांत जास्त शिकवलं. धुळ्याची लिंक ३ जीबीपीएसची, जळगावची २. संध्याकाळी धुळ्याची तुडुंब आणि जळगावची जवळजवळ रिकामी. लोकल प्रेफरन्स (कुठली वाट आधी धरायची याचा राउटरमधला आकडा) बदलून काही होईना, आणि होणारही नव्हतं. लोकल प्रेफरन्सनं आपल्याकडून बाहेर जाणारी वाट ठरते. आमच्या गिऱ्हाइकांचं जवळजवळ सगळं काम डाउनलोडचं, म्हणजे आत येणारं. आत येणाऱ्याची वाट जग ठरवतं, आपण फक्त काय सांगतो ते आपल्या हातात. म्हणून मी /२३ दोन्हीकडे ठेवला, आणि त्याचा पहिला /२४ धुळ्याकडे, दुसरा /२४ जळगावकडे जास्तीचा सांगितला. निम्मी गिऱ्हाइकं इकडे, निम्मी तिकडे, आणि एक लिंक गेली तर /२३ आहेच. कागदावर अगदी बरोबर.

तरी जळगावची लिंक रिकामीच. चार दिवस मी राउटरला दोष देत होते. पाचव्या दिवशी इरिनच्या पोर्टलवर आमचा आरओए, म्हणजे कुठले पत्ते कुठला एएस क्रमांक सांगू शकतो याची आरपीकेआयमधली नोंद, उघडला. त्यात /२३ लिहिलेला आणि कमाल लांबीही (किती लहान तुकड्यापर्यंत चालेल तो आकडा) २३च. म्हणजे आमचे दोन्ही /२४ आम्हीच इनव्हॅलिड ठरवले होते, आणि तपासणी करणारी नेटवर्कं ते टाकून देत होती. /२३ वैध असल्यामुळे काहीच बंद पडलं नाही, कुणाची तक्रार आली नाही, म्हणून चूक दिसतच नव्हती. मी दोन्ही /२४ साठी वेगळे आरओए काढले. कमाल लांबी वाढवून २४ करणं सोपं होतं, पण जेवढं प्रत्यक्ष सांगतो तेवढ्याचाच आरओए असावा हे मला जास्त सुरक्षित वाटतं. त्या रात्री जळगावच्या लिंकचा आलेख चढताना मी अप्पांना उठवून दाखवला.

पुढच्या वर्षी पुन्हा फायबर तुटली. राउट फिरले, पण तीन मिनिटांनी. मधल्या स्विचमुळे आमच्या पोर्टचा दिवा हिरवाच होता आणि पलीकडे कुणी नव्हतं, तेव्हा राउटर १८० सेकंदांचा होल्ड टाइम (पलीकडून काही आलं नाही तर सेशन मेलं असं धरायची मुदत) संपायची वाट बघत बसला. तीन मिनिटांत चाळीस फोन येतात. होल्ड टाइम बदलायला अपस्ट्रीमची परवानगी लागते असं मी समजत होते. लागत नाही. सेशन जुळताना दोघांतली कमी वेळ धरली जाते. मी आमच्या बाजूला ३० सेकंद आणि कीपअलाइव्ह (मी जिवंत आहे असं सांगणारा निरोप) १० केलं, सेशन एकदा खालीवर केलं, संपलं. नंतर रात्री दोन वाजता लाइनमनला धुळ्याच्या बाजूची फायबर मधल्या स्विचवरून काढायला सांगितली आणि घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटात ट्रॅफिक जळगावकडून.

सहाव्या आवृत्तीवरून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पीअर आणि इन्स्टन्स ही जुनी मांडणी सातव्यात टेम्प्लेट आणि कनेक्शन अशी झाली आणि फिल्टर आता ओळीओळीनं लिहायचे असतात, चौकटी भरून नाही. मी पहिले आठ दिवस फक्त मॅन्युअल वाचलं आणि जुन्या छोट्या राउटरवर सराव केला. ज्यांच्याकडे एकच अपस्ट्रीम आहे त्यांनी हा घेऊ नये, त्यांना बीजीपीची गरजच नाही. दोन लिंका आणि स्वतःचे पत्ते असतील तर मी डोळे झाकून घ्या म्हणेन. पूर्ण टेबल मात्र पहिल्याच दिवशी मागू नका, दोन्हीकडून डिफॉल्ट राउट घेऊन सुरुवात करा, कारण आत येणारी वाट त्यानं बदलत नाही.

चोपडा आणि पारोळ्याच्या दोन ऑपरेटरांनी माझी फिल्टरची फाइल मागितली, त्यांना दिली. कुणालाही देईन, त्यात फक्त आमचे पत्ते काढून तुमचे घाला. समोर बसून बघायचं असेल तर ऑफिसला या, पण मंगळवार सोडून. त्या दिवशी मंगळग्रह मंदिराच्या गर्दीनं गाडी लावायला जागा मिळत नाही.