कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं गॅरेज: गाडीआधी वही दाखवा

माझी वॅगनआर २०१५ सालची आहे. काटा ८६,००० किलोमीटरच्या पुढे गेला आणि गाडी घुमायला लागली. चाळिसापर्यंत काही नाही. पन्नासच्या वर गेलं की खालून ‘घूंऽऽ’ असा एकसारखा आवाज, आणि साठला तर शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागायचं. मी दर महिन्याला कोल्हापूरहून गगनबावडामार्गे करूळ घाट उतरून वैभववाडीकडे माहेरी जाते. येताना बऱ्याचदा आई सोबत असते, ती ८४ वर्षांची आहे. घाटात चाकाबद्दल मनात शंका घेऊन मला गाडी चालवता येत नाही.

आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने गाडीत बसून चक्कर न मारताच सांगितलं, “टायरचा आवाज आहे मॅडम, चारही बदलून टाका.” अंदाजपत्रकात इंजिन फ्लशिंग (इंजिन आतून धुणं) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंगही घातलं होतं. सगळे मिळून १८,६०० रुपये. टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे. माझ्या टायरवर शेवटी २३ आहे, म्हणजे ते २०२३ चे. खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून रबराचे छोटे उंचवटे असतात, तिथपर्यंत पोचायला टायरना अजून बराच अवकाश होता. मी गाडी घेऊन परत आले.

मग शेजारच्या वहिनींनी उद्यमनगरातलं हे गॅरेज सांगितलं. फाउंड्री आणि लेथच्या दुकानांमधली एक गल्ली, पत्र्याची शेड, एक साठीचे मिस्त्री आणि हाताखाली दोन पोरं. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी प्रश्न विचारले. आवाज वेगाबरोबर वाढतोय का इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर? न्यूट्रल केल्यावर थांबतो का? डांबरावर आणि काँक्रीटवर सारखाच येतो का? डावं वळण घेताना काय होतं, उजवं घेताना काय होतं? ब्रेक दाबला की बदलतो का? पाचांपैकी एकाचंच उत्तर मला धड देता आलं.

त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चारही चाकं वरखाली हलवून बघितली. कुठे ढिलेपणा नव्हता. “चालवायला धोका न्हाई, पण घाटात जाऊ नका अजून. चार दिवस फिरवा आणि लिवून आणा, ताई.” पोराकडून जुन्या कॅलेंडरचं पान मागवलं आणि पाठीमागे पाचही प्रश्न लिहून दिले. पैसे घेतले नाहीत. माझ्या मते या गॅरेजची खरी सेवा म्हणजे ते पान.

चार दिवस रोज सकाळी फुलेवाडीवरून बालिंग्याच्या पुढे, कळ्यापर्यंत जाऊन आले. मुलगा शेजारी बसून वहीत लिहीत होता. गाडी चालवणाऱ्याने लिहू नये, आवाज रेकॉर्डही करू नये. सरळ, मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात न्यूट्रल केलं, आवाज तसाच. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. डांबर संपून काँक्रीट आलं तरी सूर तोच राहिला. टायरचा आवाज असता तर रस्त्याबरोबर बदलला असता. ब्रेक दाबल्यावर फक्त वेगाबरोबर कमी झाला. तिसऱ्या दिवशी मुलाच्या लक्षात आलं की उजवीकडे वळताना आवाज चढतो आणि डावीकडे वळताना जवळजवळ बंद होतो.

पाचव्या दिवशी मिस्त्रींनी वही वाचली आणि म्हणाले, “डावीकडचं बेअरिंग. पुढचं का मागचं ते बघतो.” बेअरिंग म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग. उजवं वळण घेताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, त्यामुळे झिजलेलं बेअरिंग तेव्हा ओरडतं. जॅकवर वजन नसताना ते गप्प राहतं, म्हणून नुसतं हलवून कळलं नव्हतं. मग पुढचं चाक हाताने फिरवत त्यांनी मला चाकामागच्या स्प्रिंगवर बोटं ठेवायला लावली. डाव्या बाजूला बारीक खरखर बोटांना जाणवत होती. उजव्या बाजूला काहीच नाही. गाडी घेतल्यापासून इतक्या वर्षांत तिचा दोष मला हाताने दाखवणारा हा पहिला माणूस.

बेअरिंग चाक धरणाऱ्या लोखंडी भागात दाबून बसवावं लागतं, त्यासाठी ते शेजारच्या दुकानातल्या प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रावर नेतात. बेअरिंगचे १,२४० रुपये, पेटीवरच्या एमआरपीइतकेच. मजुरी ९००. जुनं बेअरिंग पिशवीत घालून हातात दिलं. तो भाग सुटा केला होता म्हणून पुढे अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का, ते तपासून घ्यायला सांगितलं, ते दुसरीकडे. फ्लशिंगबद्दल विचारलं तर म्हणाले, तेल वेळेवर बदलताय, गरज नाही.

त्यानंतर मी तिथे आणखी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा घरून तयारी करून गेले. डिकी रिकामी करते, कारण सैल जॅक आणि पाना खड्ड्यात आपटले की थेट सस्पेन्शन (धक्के झेलणारे स्प्रिंग वगैरे) बिघडल्यासारखे वाजतात. गळती दिसावी म्हणून आदल्या रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरते. काळपट तेल इंजिनचं, रंगीत पाणी कूलंटचं, आणि एसी लावून आल्यावर पडणारं स्वच्छ पाणी काळजीचं नसतं. गळती असेल तर गाडी धुऊन नेऊ नका, माग पुसला जातो. सकाळी सुरू होताना त्रास देत असेल तर इंजिन गार असतानाच बघायला हवं, म्हणून रात्रीच गाडी ठेवून येते. मागची बिलं एका फोल्डरमध्ये आहेत. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे त्यातच सापडलं, तीन वर्षं झाली होती. हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि उताराला ब्रेक तापले की त्यात वाफ होऊन ब्रेक दगा देऊ शकतात. घाटातून जाणाऱ्यांनी एवढी एक तारीख तरी लिहून ठेवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उणिवाही सांगते. बसायला एकच स्टूल आहे, बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि पहिलं तर वहीच्या कागदावर होतं. मी पार्टचं पक्कं बिल मागून घेतलं. बेअरिंगला संध्याकाळ सांगितली होती, दुसऱ्या दिवशी दुपार झाली. हात कामात असतात म्हणून फोन उचलत नाहीत, त्यामुळे काम वाढणार असेल तर थांबा, मला विचारा, हे गाडी ठेवतानाच बजावून सांगावं लागतं. सांगितलं की पाळतात. एसीचं आणि सेन्सरचं काम ते घेत नाहीत, तसं आधीच स्पष्ट सांगतात.

पाचांपैकी साडेचार तारे. अर्धा बिलासाठी कापला.

सोमवारी बंद असतं. नऊच्या सुमाराला गेलात तर मिस्त्री स्वतः सोबत चक्कर मारायला येतात, अकरानंतर गर्दीत ते जमत नाही. मी आता पावसाआधी मागच्या ब्रेकचे लायनर (घासून झिजणारे पट्टे) बघून घ्यायला जाणार आहे. कॅलेंडरचं ते पान अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, त्याच्यामागे नवी वही.