कार्सन आधी बघायचा की लेटरमन?

अमेरिकन लेट नाइट टॉक शो मुळापासून बघायचे तर दोन नावं समोर येतात, जॉनी कार्सन आणि डेव्हिड लेटरमन. दोघांनीही तीस-तीस वर्षं रात्री गाजवल्या. एकदम दोघांना हात घालू नका, सगळं डोक्यात मिसळतं.

कार्सनने एनबीसी वाहिनीवरचा 'द टुनाइट शो' १ ऑक्टोबर १९६२ला हाती घेतला आणि २२ मे १९९२ला सोडला. त्याची खरी ताकद थांबण्यात आहे. १९६५चा नट-गायक एड एम्सचा प्रसंग बघा. एम्स कुऱ्हाड फेकतो आणि ती लाकडी फळीवर काढलेल्या काउबॉयच्या नको त्या जागी रुतते. लोक हसून लोळतात. एम्स कुऱ्हाड काढायला निघतो, तर कार्सन त्याला धरून थांबवतो. हशा ओसरू देतो आणि मगच बोलतो. मुलाखती घेणाऱ्याने एवढी एक क्लिप दहा वेळा बघावी.

नव्या विनोदवीराचा प्रयोग रंगला की कार्सन त्याला शेजारी येऊन बसायची खूण करायचा. त्या एका खुणेने करिअर उभं राहायचं. १९८६मध्ये एलन डीजेनरेसला पहिल्याच फेरीत ती मिळाली. त्याच वर्षी, कार्सनच्या सुट्टीत त्याचा शो सांभाळणाऱ्या विनोदवीर जोन रिव्हर्सने दुसऱ्या वाहिनीवर स्वतःचा शो सुरू केला, तर कार्सन तिच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. एकाच माणसाच्या हाती इतकी सत्ता असणं मला आजही खटकतं.

लेटरमनचा 'लेट नाइट' १ फेब्रुवारी १९८२ला सुरू झाला, कार्सनच्याच शोनंतर, रात्री साडेबाराला. त्या वेळेला काहीही करून बघायची मोकळीक होती आणि त्याने ती पुरेपूर वापरली. १९८४मध्ये वेल्क्रोचा सूट घालून त्याने उडी मारली आणि तो वेल्क्रोच्याच भिंतीला चिकटून राहिला. आजचे कितीतरी सूत्रसंचालक, जिमी किमेल तर उघडपणे, त्यालाच गुरू मानतात. १९९२मध्ये कार्सनची खुर्ची विनोदवीर जे लेनोला मिळाली. लेटरमन पुढच्या वर्षी सीबीएस वाहिनीवर गेला आणि २० मे २०१५पर्यंत तिथेच राहिला. पाहुण्यांना, विशेषतः स्त्रियांना, तो कधी कधी असा टोचतो की आज बघताना अवघडायला होतं. हे माहीत असूनच बघा.

नेटफ्लिक्सवर लेटरमनने घेतलेली शाहरुखची मुलाखत (२०१९) आहे म्हणून तिथून सुरुवात करू नका. तो निवलेला लेटरमन आहे.

मुलाखती किंवा निवेदन करायचं असेल तर आधी कार्सन. मात्र त्याच्या पहिल्या दशकाच्या बहुतेक टेप्स पुसल्या गेल्यात, जे मिळेल त्यावर भागवावं लागतं. विनोद लिहायचा असेल तर लेटरमन. नुसतं बघायचं असेल तरीही मी लेटरमनच सांगेन, ते ३० ऑक्टोबर २००२च्या भागासाठी. कॅन्सरने फार दिवस उरले नव्हते अशा गायक वॉरन झेव्हॉनला त्याने अख्खा तास दिला. मरणाबद्दल काय उमगलं, असं विचारलं. झेव्हॉनचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक सँडविच मनापासून खायला हवं. हा भाग मी दोनदाच बघू शकलो.

आणि कुठूनही सुरुवात केलीत तरी ३१ जानेवारी २००५चा लेटरमनचा भाग शेवटी ठेवा. कार्सन जाऊन आठवडा झाला होता. लेटरमनने नेहमीसारखे सुरुवातीचे विनोद केले, लोक हसले. मग टेबलाशी बसून त्याने सांगितलं, आजचे सगळे विनोद जॉनीने लिहिलेले होते. निवृत्तीनंतर घरी बसून कार्सन त्याला ते पाठवत असे.