कपडेखरेदीचं ॲप: साइज बरोबर, पण खासगीपणाचं काय?

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कपड्यांची बहुतेक मोठी ॲप्स आता याच पद्धतीने चालतात. मी पुण्यात राहते, शाळेत शिकवते आणि घरातल्या सगळ्यांचे कपडे बरेचदा इथूनच मागवते.

साइज सांगण्यात याचा हात कुणी धरणार नाही. माझे खांदे रुंद, उंची कमी. एल घेतला की बाह्या लोंबतात, एम घेतला की काखेत काचतो. मी काय ठेवून घेतलं, काय परत पाठवलं, यावरून ॲप प्रत्येक ब्रँडची वेगळी साइज सुचवतं आणि ती बसते. सुती, खिसा असलेले कुर्ते पहिल्याच पानावर दिसतात. ज्या बायकांची खरेदी माझ्यासारखी, त्यांनी पुढे काय घेतलं ते मला दाखवायचं, असं त्यामागचं साधारण गणित. कशावर टॅप केलं, बॅगेत टाकून काय काढलं, तेही त्यात धरलं जातं.

मध्यंतरी माझ्या मोठ्या जाऊबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. (हे त्यांना विचारूनच लिहितेय.) टाके ओले असताना हात वर जात नाही, म्हणून पुढून उघडणारे गाऊन हवे होते. नंतर पॅड ठेवायला आतून खिसा असलेली ब्रा. दोन्ही इथूनच मागवलं. कापड मऊ, शिवण कुठे घासत नव्हती, पार्सल वेळेवर आलं. मालाबद्दल काही तक्रार नाही.

पण त्यानंतर माझं पहिलं पानच बदललं. कुर्ते गेले खाली. वर खिसेवाल्या ब्रा, सिलिकॉनचे पॅड आणि डोक्याला बांधायचे मऊ स्कार्फ. स्कार्फ मी कधी शोधलेच नव्हते. केमोत केस जातात हे ॲपला माहीत असायची गरजच नाही. अशी खरेदी करणाऱ्या इतर बायकांनी पुढे स्कार्फ घेतले, एवढं त्याला पुरतं. जाऊबाईंना केमो द्यायची की नाही, हे तेव्हा डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. माझ्या हातातल्या फोनवर त्यांनी ते स्कार्फ पाहिले आणि काही न बोलता आत निघून गेल्या. याचा मला अजूनही संताप येतो. पुढे स्वयंपाकाच्या एका साइटवरही त्याच ब्राची जाहिरात दिसू लागली.

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, जुन्या ऑर्डर काढून टाकता येत नाहीत. ॲमेझॉनवर घेतलेली वस्तू शिफारशींतून वगळायची सोय आहे, म्हणजे हे अशक्य नाही.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे, हे कलम चांगलं आहे. पण आजारपणाच्या माहितीसाठी वेगळा, जास्त कडक वर्ग या कायद्यात नाही. युरोपात तो आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये सांगितलं की, ऑनलाइन मागवलेल्या औषधांच्या ऑर्डरची माहिती ही आरोग्याचीच माहिती, मग औषधाला चिठ्ठी लागत नसली तरी. तो निकाल औषधांपुरता होता. पण कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची ब्रा काय सांगते, हे कुणाला वेगळं सांगायला हवं का?

तुम्हीही वापरत असाल तर दोन गोष्टी करा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात ॲड्स, तिथे ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातींसाठी तुमचा फोन ओळखणारा क्रमांक) डिलीट करा (फोननुसार नावं थोडी बदलतात). आणि ॲपमधली सर्च हिस्टरी पुसा. याने इतर ॲप्समधल्या जाहिराती तुमच्या खरेदीशी जोडणं अवघड होतं; ॲपच्या आतलं पान मात्र तसंच राहतं.

कपड्यांना 5 पैकी 4, खासगीपणाला 1. प्रत्येक वस्तूखाली ‘ही खरेदी शिफारशींसाठी धरू नका’ असं बटण दिलं, तर मी हा रिव्ह्यू बदलेन. तोवर कुर्ते ॲपवरून, आणि जाऊबाईंच्या वस्तू हॉस्पिटलजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून, रोख पैसे देऊन.