अडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक: आठ महिन्यांच्या वापरानंतर, मदतनिसाच्या खुर्चीतून

उत्तम फोटो काढणारी माणसं स्टॉकवर, म्हणजे आपले फोटो डिझायनर आणि जाहिरातदारांना वापरायला विकणाऱ्या या वेबसाइटवर, सहसा टेबलावरच्या कामात अडकतात. शीर्षकं, कीवर्ड, सह्यांचे कागद, कराचा फॉर्म हे सगळं त्यांना कंटाळवाणं वाटतं आणि हार्ड डिस्क भरलेलीच राहते. ते काम घरातल्या किंवा मित्रमंडळीतल्या कुणी अंगावर घेतलं तर गोष्ट पुढे सरकते. म्हणून हा अनुभव मदत करणाऱ्यासाठी आहे. फोटोग्राफरने वाचला तर उत्तमच, पण तो बहुतेक वाचणार नाही.

खातं मात्र फोटोग्राफरच्याच नावावर उघडा. वय १८ पूर्ण हवं. खातं, पॅन, पेपल आणि बँक या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. सोय म्हणून मदतनिसाने आपल्या नावावर खातं काढलं तर हक्क एकाचे, पैसे आणि कर दुसऱ्याचा, असा गुंता होतो आणि तो नंतर सुटत नाही.

पैशांचं गणित आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिसऱ्या महिन्यात रुसवाफुगवी होत नाही. अडोबी फोटोच्या विक्रीवर ३३ टक्के देतं. सबस्क्रिप्शनवाल्या ग्राहकाने फोटो उचलला की साधारण ३३ सेंटपासून पुढे मिळतात. शटरस्टॉकवर जून २०२०पासून पायऱ्या आहेत: वर्षातल्या पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत १५ टक्के, २५०पर्यंत २०, ५००पर्यंत २५ आणि अगदी वर ४० टक्के. किमान रक्कम १० सेंट, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. अडोबीकडून पैसे काढायला २५ डॉलर जमावे लागतात, म्हणजे ३३ सेंटच्या हिशेबाने ७६ डाउनलोड. तेवढेच डॉलर १० सेंटने जमवायचे तर २५०. नवख्याने सुरुवात अडोबीवर करावी आणि हात बसला की तेच फोटो शटरस्टॉकवरही टाकावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन्हीकडे एकच फोटो चालतो. फक्त तो तिसरीकडे ‘एक्सक्लुझिव्ह’ (दुसरीकडे कुठेही न विकायचा) म्हणून देऊ नका.

आता निवड. इथेच सगळ्यात जास्त वाद होतात. फोटोग्राफरला प्रिय असलेला फोटो म्हणजे राजगडावरचा धुक्यातला सूर्योदय, गडद सावल्या, कडेला काळी झालर, वर एखादा प्रीसेट (तयार रंगछटा). विकत घेणारा डिझायनर मात्र मजकुरासाठी मोकळी जागा शोधत असतो. सूर्योदय आणि हस्तांदोलनं आता एआयने ढिगाने तयार होतात (अडोबी ती लेबल लावून स्वीकारतं, शटरस्टॉक योगदानकर्त्यांकडून घेत नाही). एआयला नीट न जमणारं आणि आपल्याकडे सहज मिळणारं काय, तिकडे लक्ष द्या: उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडणारी बोटं, पाट्यावरचं वाटण, एसटी स्टँडवरची फळ्यांची बाकं, ज्वारीचं कणीस हातात घेतलेला शेतकरी. नुसत्या हातांच्या फोटोत माणूस ओळखू येत नसेल तर रिलीजही (फोटोतल्या माणसाची सही केलेली परवानगी) लागत नाही. हे सोनं आहे, आणि ते बहुतेक फोटोग्राफर डिलीट करतात.

एका प्रसंगाचे तीन-चारच फोटो पाठवा: एक आडवा, बाजूला जागा सोडलेला, एक उभा, एक जवळून. एकाच ताटाचे पंधरा कोन पाठवले की ‘सारखे फोटो’ म्हणून परत येतात. सणांचं साहित्य आधी चढवावं लागतं, गणपतीचं जूनपर्यंत आणि दिवाळीचं ऑगस्टपर्यंत, कारण जाहिराती सणाच्या खूप आधी तयार होतात.

नापास होण्याची तांत्रिक कारणं ठरलेली आहेत. प्रत्येक फोटो १०० टक्के मोठा करून डावीकडून उजवीकडे सरकवत बघा. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करत एफ ११च्या पुढे गेलात की सेन्सरवरची धूळ आकाशात करडे ठिपके बनून उमटते. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘व्हिज्युअलाइज स्पॉट्स’मध्ये ती लगेच उघडी पडते. सावल्या फार उचलल्या की रंगीत दाणे दिसतात. फांद्या आणि आकाश यांच्या सीमेवर जांभळी कड राहते, ती लेन्स करेक्शनमध्ये काढा. शार्पनिंग कमी ठेवा. जेपेग फाइल, एसआरजीबी रंगप्रकार, सर्वोच्च दर्जा, किमान ४ मेगापिक्सेल. अडोबीवर फाइल ४५ एमबीच्या आत. छोटा फोटो ताणून मोठा करू नका. कोपऱ्यातली सही आणि तारीख काढून टाका. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना ती सही टाकायची सवयच असते.

लग्नाच्याच फोटोंबद्दल. ग्राहकाने पैसे दिले म्हणून किंवा फोटो आपण काढले म्हणून ते स्टॉकवर टाकता येत नाहीत. चेहरा ओळखू येत असेल तर प्रत्येकाचं मॉडेल रिलीज हवं: नाव, जन्मतारीख, पत्ता, सही, शूटची तारीख आणि साक्षीदाराची सही. साक्षीदार तिसराच माणूस असावा. मूल असेल तर आई किंवा वडिलांची सही लागते. फॉर्म इंग्रजीत असेल तर ‘हा फोटो जाहिरातीतही दिसू शकतो’ हे मराठीत सांगून मगच सही घ्या. आजी-आजोबांकडून गडबडीत घेतलेली सही कागदावर चालेलही, पण नात्यात चालत नाही. फोटोग्राफरने स्वतःचाच फोटो टाकला तरी त्याचं रिलीज लागतं, हे हमखास विसरलं जातं.

वस्तूंचंही तसंच. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीला २०१७मध्ये ट्रेडमार्क मिळाला आहे, त्यामुळे गेटवेचा फोटो व्यावसायिक वापरासाठी देताना ते हॉटेल फ्रेमबाहेर ठेवा. गणेशमूर्ती ही मूर्तिकाराची कलाकृती, भिंतीवरची वारली चित्रकाराची. त्यांचं प्रॉपर्टी रिलीज (कलाकृतीसाठीची लेखी परवानगी) घ्या, नाहीतर मागे धूसर ठेवा. टी-शर्टवरचं चिन्ह, मोबाइलच्या पाठीवरचा लोगो, गाडीची नंबरप्लेट सॉफ्टवेअरमधल्या क्लोन टूलने पुसा.

वारी, मिरवणूक, बाजार यांत शेकडो चेहरे असतात आणि रिलीज घेणं अशक्य, म्हणून ते ‘एडिटोरियल’मध्ये (जाहिरातीत नाही, फक्त बातम्या-लेखांत वापरायच्या फोटोंत) जातात. अडोबीच्या एडिटोरियलमध्ये ओळखू येणारी माणसं चालत नाहीत, तेव्हा वारी शटरस्टॉकला द्यावी. मथळ्यात आधी शहर, राज्य, देश, मग तारीख आणि मग काय घडतंय ते. फोटोत काही पुसलं, जोडलं की तो एडिटोरियल राहत नाही.

कीवर्ड हे मदतनिसाचं खरं काम. अडोबीवर ४९पर्यंत, शटरस्टॉकवर ७ ते ५०, पण २५-३० नेमके शब्द पुरतात. अडोबीवर क्रमाला महत्त्व आहे. पहिल्या दहात मुख्य गोष्टी आल्या पाहिजेत. आपोआप सुचणारे शब्द डोळे झाकून घेऊ नका, पुरणपोळीला टॉर्टिया म्हटलेलं निघतं. भाषा इंग्रजी. पदार्थाचं मूळ नाव रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगनी द्या, पुढे परदेशी ग्राहक शोधेल असा शब्द: भरलेली गोड पोळी, सण, घरगुती स्वयंपाक. शीर्षक म्हणजे साधं वाक्य, त्यात काव्य नको. ‘आईची माया’ असं कुणी शोधत नाही. ‘स्टीलच्या ताटात पुरणपोळी वाढणारी स्त्री’ शोधतात.

एक गोष्ट फोटोग्राफरला आधी विचारा: अडोबीवर दिलेले फोटो त्यांच्या फायरफ्लाय या एआयच्या प्रशिक्षणात वापरले जातात. काहींना हे मान्य नसतं, आणि ते अपलोड करण्याआधीच कळलेलं बरं.

शेवटी कर. डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकेचा कराचा फॉर्म पहिल्या विक्रीआधी भरा आणि त्यात पॅन टाका. फॉर्म भरला नसेल तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापले जातात, भारताशी असलेल्या कराराचा लाभ घेतला तर १५ टक्के. फॉर्मची मुदत सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन वर्षं. २०२५मध्ये भरला तर ३१ डिसेंबर २०२८पर्यंत. कापलेल्या कराचं श्रेय इथल्या विवरणपत्रात मागता येतं, ते सीएला दाखवा. अडोबीचे पहिले पैसे पहिल्या विक्रीनंतर ४५ दिवसांनीच मागता येतात, आणि ते स्वतः बटण दाबून मागावे लागतात. बटण न दाबता वाट बघत बसलेले लोक कमी नाहीत.