डीऑक्सिट फेडर एफ५ : व्हॉल्यूमची खरखर गेली, पॉट बदलावा लागला नाही

बाबांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर मी अजून रोज वापरतो, आवाज इतका भरदार आहे की नवीन घ्यावासा वाटतच नाही. पण गेले काही महिने व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खर्र खर्र, आणि आवाज कमी ठेवला की डावा स्पीकर गायब, नॉब जरा दाबला की परत यायचा. रात्री हळू आवाजात काही ऐकायचं म्हणजे नुसता वैताग. दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं पॉट (नॉबमागचा, आवाज कमी-जास्त करणारा बदलता रेझिस्टर) गेलाय, बदला. आता यातला पॉट दोन गँगचा, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरसाठी एकाच दांड्यावर दोन पॉट, शिवाय लाउडनेससाठी (हळू आवाजात बास उचलायची सोय) प्रत्येक गँगला चौथा पाय, तसाच्या तसा मिळणं फार अवघड. म्हणून म्हटलं आधी साफ करून बघू आणि हा स्प्रे मागवला.

साधा कॉन्टॅक्ट क्लीनर का नाही घेतला, तर त्यातले बरेचसे मळ धुतात आणि उडून जातात, पॉटच्या आतला रेझिस्टन्सचा पट्टा कोरडाच राहतो आणि त्यावर वायपर (नॉबबरोबर सरकणारा संपर्क) घासत बसतो. हा खास फेडर (सरळ सरकवायचे पॉट) आणि पॉटसाठी आहे, यात वंगण आहे. गंज काढायचा तेलकट स्प्रे तर पॉटमध्ये मारूच नका.

आता कसं केलं ते. प्लग काढला, थोडा वेळ थांबलो, झाकण उघडलं आणि पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज उतरलंय याची खात्री केली, ही पायरी गाळू नका, प्लग काढला तरी त्यात चार्ज राहतो. पॉटच्या पायांजवळ पत्र्याला बारीक फट असते, तिथे लाल नळीचं टोक टेकवून प्रत्येक गँगमध्ये अर्धा सेकंद, बस. मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवला. फटीतून तपकिरी पाणी ओघळलं, खाली कागद ठेवला होता त्यावर काळपट डाग पडला, तेव्हा कळलं की इतकी वर्षं साठलेला मळ हाच. शाफ्टच्या (नॉब बसतो त्या दांड्याच्या) बाजूने मात्र मारायचं नाही, तिथलं ग्रीस धुऊन गेलं की नॉबचा तो मऊ जडपणा जातो आणि मग तो ढिला फिरतो, ती चूक मी टेप डेकच्या पॉटवर आधी केलीये.

रात्रभर सुकू दिलं, सकाळी व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू केला. खरखर नाही! डावा स्पीकर अगदी कमी आवाजालाही जागेवर. आता दोन महिने झाले, तसंच आहे.

पण सगळं याने सुटत नाही. नॉब अगदी खाली असताना आवाज किंचित उजवीकडे झुकतो तो अजूनही झुकतो, दोन गँग तिथे तंतोतंत जुळत नाहीत, त्याला स्प्रे काय करणार. पट्टा झिजून खड्डा पडला असेल तरी उपयोग नाही, तो मीटरने ओळखता येतो, पॉट सर्किटमधून सुटा करून मधला पाय आणि कडेचा पाय यांच्यात रेझिस्टन्स मोजत नॉब हळू फिरवा, आकडा मध्येच उडाला तर पॉट बदलाच. व्हॉल्यूमचा पॉट लॉग असतो, म्हणजे रेझिस्टन्स फिरवण्याच्या सम प्रमाणात बदलत नाही, त्यामुळे निम्म्यावर आकडा निम्मा येणार नाही, त्याने घाबरू नका.

आणि साफ करूनही नॉब फिरवताना खरखर राहिली तर लगेच पॉटला दोष देऊ नका, बऱ्याचदा त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) लीक होऊन पॉटवर डीसी येत असतो. चालू मशीनवर मीटर लावून मिलिव्होल्टमध्ये दिसतो, शून्याच्या आसपास हवा. चालू मशीनमध्ये हात घालायची सवय नसेल तर हे जाणकाराकडूनच करून घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण नळी डब्याच्या तोंडात घट्ट बसत नाही, पहिल्याच फवाऱ्यात सुटून लिक्विड शेजारच्या बोर्डवर उडालं.